चुंबकाच्या गादीचे १,४६,५०० रुपये

सोसायटीच्या हॉलमध्ये 'मोफत गुडघेदुखी शिबिर' असा फलक दिसला की आत जाऊ नका. गेलात तर निदान पाकीट आणि आधार कार्ड घरी ठेवून जा. आम्ही १,४६,५०० रुपयांची चुंबकीय गादी घेऊन बसलोय. २५,००० रोख दिले, उरलेले १,२१,५०० हप्त्यांवर. उशी म्हणे 'भेट'.

शिबिरातल्या विक्रेत्याने आईला हात बाजूला ताठ धरायला लावला आणि मनगटावर दाबलं. हात खाली गेला. मग मुठीत चुंबकाची पट्टी दिली आणि पुन्हा दाबलं, पण या वेळी कोपराजवळ! तिथे दाबल्यावर हात कसा खाली जाईल? त्याची बोटं वर सरकलेली मी स्वतः पाहिली. त्याच क्षणी आईला उठवून घरी न्यायला हवं होतं. पण अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता, आणि रात्र रात्र कण्हणारी आई कितीतरी दिवसांनी हसली होती. अशा वेळी कुठला मुलगा तिला उठवेल?

म्हणे चुंबक रक्तातलं लोह खेचतं. हिमोग्लोबिनमधलं लोह म्हणजे खिळ्याचं लोखंड नव्हे. त्यांच्या पत्रकात १,५०० गॉस (चुंबकाची ताकद मोजायचं एकक) छापलेत. आईचा एमआरआय झाला त्या यंत्रात १५,००० गॉस होते, बाहेर आली तेव्हा गुडघा तसाच ठणकत होता. घरी गादीवर टाचणी ठेवून पाहिली, कापडावरून ती चिकटतसुद्धा नाही.

पोलीस म्हणाले, तुम्ही स्वखुशीने घेतलीत, हा दिवाणी मामला. औषध प्रशासनाच्या कार्यालयात ऐकवलं, गादी हे औषध नाही. अहो, पत्रकात मधुमेह आणि रक्तदाब बरा होतो असं छापलंय! अशा जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे, तो कुणासाठी? प्रत्येक टेबलावर 'अर्ज ठेवून जा'. कर्ज देणारी कंपनी मात्र हप्ता एक दिवस चुकला की फोन करते.

पत्रक जपून ठेवा, पावतीवर नुसतं 'गादी' लिहितात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जा. पेसमेकर असलेल्याला तर अशा गादीजवळही फिरकू देऊ नका, चुंबकाने त्याचं काम बिघडू शकतं. शिबिरात हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

आमच्या मागच्या गल्लीत रविवारच्या शिबिराचा फलक लागलाय. माणसं तीच आहेत.