काळा घोड्याच्या फुटपाथवरून घेतलेलं अमूर्त निसर्गचित्र : एका पावसाळ्यानंतरचा रिव्ह्यू

घरासाठी अमूर्त निसर्गचित्र घ्यायचं असेल तर मोबाइलवर बघून ऑर्डर करू नका, सरळ मुंबईत काळा घोड्याला जा, जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार स्वतः आपली चित्रं मांडून बसलेले असतात त्यांच्याशी बोला आणि तिथून घ्या. मी तिथूनच घेतलंय, कॅनव्हासवर अॅक्रिलिक, साधारण दोन फूट बाय दीड फूट, ९,००० रुपये, फ्रेम वेगळी. एक अख्खा पावसाळा ते आमच्या हॉलमध्ये होतं, आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल असं वाटतंय.

चित्रात बघायला गेलं तर काहीच नाही, म्हणजे झाड नाही, घर नाही, आकाश कुठे संपतं तेही नीट कळत नाही. बराचसा भाग काळपट राखाडी, खडबडीत, त्यावर सुरीने खरवडलेलं आणि खरवडलं तिथे आतून लाल दिसतंय, एकदम ताज्या कापलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यासारखं लाल, आणि उजवीकडे खाली जांभळट निळ्याची एक पुसट पट्टी जी पहिल्यांदा बघताना दिसतच नाही. मी जवळ जाऊन बघायला लागले तर तो चित्रकार म्हणाला, "ताई, आधी जरा लांबून बघा, मग जवळ या." मग सांगितलं की तो राजापूरकडचा आहे आणि हा त्याच्या गावचा सडा आहे, म्हणजे कातळाचं सपाट पठार, मे महिन्यातला आणि भाद्रपदातला एकाच कॅनव्हासवर.

ज्यांनी कोकणातला सडा पाहिलाय त्यांना हे ऐकल्या ऐकल्या कळेल. उन्हाळ्यात तो कातळ काळा पडलेला असतो, त्याच्यावर उभं राहिलं तर चपलेतून चटका बसतो, वाटतं इथे काही उगवणं शक्य नाही. पण चिरेखाणीत तोच कातळ कापला की आत लालभडक जांभा निघतो, आणि पाऊस पडला की त्याच कातळाच्या वीतभर खड्ड्यांमध्ये पाणी साठतं, हिरवं येतं, आणि मग श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं फुलतात, निळी-जांभळी, इतकी बारीक की खाली बसल्याशिवाय एकेक दिसत नाहीत. हे बी बाहेरून कोणी आणून टाकलेलं नसतं, ते उन्हाळाभर तिथेच असतं. त्या चित्रकाराने मला अध्यात्माचा एक शब्दही सांगितला नाही, पण मला त्या चित्रात जे दिसलं ते हेच होतं, की माणसाच्या आत पण असे कोरडे महिने असतात आणि तेव्हा काही वाढत नाहीये असं वाटणं हे खरं नसतं. मी सकाळी थोडा वेळ ध्यानाला बसते, बऱ्याचदा मन लागत नाही, आणि अशा वेळी डोळे उघडून समोर तो काळा थर बघितला की उठून जावंसं वाटत नाही, अजून थोडं बसावंसं वाटतं. एका चित्राने एवढं केलं तर माझ्यासाठी ९,००० वसूल.

आता तुलना करते कारण आमच्याकडे दुसरंही एक आहे, भेट म्हणून आलेलं, एका वेबसाइटवरून मागवलेला तीन तुकड्यांचा कॅनव्हास प्रिंट, त्याचं नावच 'आत्मिक प्रवास' की असं काहीतरी, सोनेरी डोंगर, वर चढत जाणारी वाट, टोकाला प्रकाशाचा गोळा. कडा एका वर्षात पांढऱ्या पडायला लागल्या, जवळून बघितलं तर छपाईचे ठिपके दिसतात, रंगाला जाडी अशी नाहीच, तिन्ही तुकडे सरळ रेषेत लावणं हे वेगळंच काम. पण माझी खरी अडचण छपाईची नाहीये. ते डोंगर कुठलेच नाहीत. कोणी कुठल्या डोंगरावर गेलंय, तिथे राहिलंय, त्या मातीवर प्रेम केलंय आणि मग त्यातलं एकेक काढून टाकत शेवटी एवढंच उरलं, असं तिथे काही झालेलंच नाहीये. वाढ दाखवायची म्हणून वर जाणारी वाट काढली, संपलं. पहिल्या दिवशी जेवढं दिसलं तेवढंच आजही दिसतं.

आणि ही काय माझीच आवड आहे असं नाही, आपल्याकडच्या मोठ्या चित्रकारांकडे बघा ना. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या जंगलात वाढले, वडील वनखात्यात, नागपूरला आणि मग आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला शिकले, १९५० ला फ्रान्सला गेले. तिथे आधी गावं काढली, घरं, चर्च, मग हळूहळू घरं विरघळत गेली आणि नुसता रंगाचा उसळता पृष्ठभाग राहिला, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो त्यांचा प्रसिद्ध बिंदू आला, मोठं काळं वर्तुळ. लहानपणी गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून याच्याकडे बघत बस असं सांगितलेलं, तो ठिपका यायला आयुष्यातली एवढी वर्षं गेली! आणि नंतर तोच बिंदू पुन्हा पुन्हा काढण्याला ते जपासारखं मानायचे. २०१६ मध्ये गेल्यावर त्यांना मंडल्यातच वडिलांच्या शेजारी दफन केलं. म्हणजे बिंदू हे नुसतं चिन्ह म्हणून उचललं असतं तर कोणालाही काढता आलं असतं, पण त्याच्यामागे नर्मदेकाठचं जंगल आहे म्हणून तो बघताना आपण थांबतो.

राम कुमार तसेच. १९६० ला एम. एफ. हुसेन या चित्रकार मित्राबरोबर बनारसला गेले, सुरुवातीच्या चित्रांत घाट आहेत, एकमेकांना चिकटलेली घरं आहेत, माणसं मात्र गायब, आणि पुढे पुढे घरंही गेली आणि फक्त मातीचे, पाण्याचे, आभाळाचे तुकडे राहिले. अकबर पदमसींची 'मेटास्केप' मालिका तर मला सगळ्यात जवळची, कारण तिथे सूर्य आणि चंद्र एकाच वेळी आकाशात आहेत आणि त्याचं मूळ 'शाकुंतल' नाटकाच्या नांदीत, म्हणजे सुरुवातीच्या मंगल श्लोकात आहे, जिथे कालिदासाने जल, अग्नी, सूर्य-चंद्र, आकाश, पृथ्वी ही शिवाची डोळ्यांना दिसणारी रूपं म्हणून सांगितलीत. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंना निसर्गचित्रकार म्हणता येणार नाही, पण रोलर आणि सुरीने थरावर थर चढवत आणि काढत वर्षाला मोजकीच चित्रं करणारा, झेन बौद्ध विचार आणि मुंबईतले अद्वैत गुरू निसर्गदत्त महाराज यांना मानणारा तो माणूस आठवल्याशिवाय माझ्या चित्रातलं ते खरवडणं मला बघताच येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की खरेदीच्या दिवशी आधी ओरिजिनल बघून घ्या. रिगल सिनेमाच्या चौकातल्या एनजीएमएमध्ये, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जा (सोमवारी बंद असतं, आणि त्या वेळी कुठलं प्रदर्शन आहे ते बघून जा), मग जहांगीरमध्ये आत फिरा, प्रवेश फुकट आहे, प्रदर्शनं सारखी बदलतात. डोळा थोडा तयार झाला की मग बाहेर फुटपाथवर या. चित्रकाराला एकच प्रश्न विचारा, ही जागा कुठली? जो तुम्हाला जागा सांगेल, तिथला उजेड कसा असतो ते सांगेल, त्याच्याकडे थांबा. जो लगेच हे लावल्याने घरात पॉझिटिव्ह एनर्जी येते म्हणून सुरू होतो त्याच्याकडून मी तरी घेणार नाही. भाव थोडा कमी करून मिळतो पण फार घासाघीस करू नका, कॅनव्हास आणि चांगले रंग आज स्वस्त नाहीत आणि समोर बसलेल्याचे महिने गेलेले असतात त्यात. सही, साल आणि माध्यम मागच्या बाजूला लिहून घ्या.

पॅकिंग हा तिथला कच्चा भाग. मला सरळ बबल रॅपमध्ये गुंडाळून देत होते, मी आधी बटर पेपर लावायला सांगितला, कारण अॅक्रिलिक उकाड्यात मऊ पडतं आणि बबलचे गोल गोल ठसे रंगावर उठतात. फ्रेमवाल्याने काच लावूया म्हणून आग्रह धरला, नाही म्हटलं. कॅनव्हासवरच्या अॅक्रिलिकला काच नको, तो खडबडीतपणा गेला तर चित्रच गेलं. फ्लोटर फ्रेम करून घेतली, म्हणजे चित्राच्या कडेला बारीक फट राहते आणि कॅनव्हासची बाजूही दिसते, २,२०० रुपये झाले. जुलैमध्ये कॅनव्हास जरा सैल पडला होता, चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी हलक्या हाताने ठोकल्यावर ताणला गेला. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर अजिबात लावू नका, आणि मागे चारी कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळती राहते, आमच्याकडे बुरशीचा एक ठिपका आला नाही. धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच काढायची, ओलं फडकं नाही.

लाइट पिवळा ठेवा, पांढऱ्या ट्यूबखाली ते लाल मरतं. सकाळी खिडकीतून तिरका उजेड आला की खरवडलेल्या रेषांची सावली पडते आणि ती निळी पट्टी सगळ्यात स्वच्छ तेव्हाच दिसते, त्यामुळे जागा ठरवताना समोरची नाही तर बाजूची खिडकी बघा.

पाचपैकी साडेचार. अर्धा कमी पॅकिंगसाठी आणि मागच्या चौकटीचं लाकूड अजून जाड हवं होतं म्हणून. पुढचं चित्र मला देशावरचं हवंय, माणदेशातलं माळरान कोणी काढत असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी बघायला येईन.