लॉजिकल रिझनिंगचा कोर्स केला, कार्डं भारी पण क्विझने घात केला

बेसिक लॉजिकल रिझनिंगचा एक ऑनलाइन कोर्स मागच्या आठवड्यात संपवला. नाव सांगत नाही, कारण पुढे शिव्या घालणार आहे.

आधी चांगलं सांगते. डिडक्शन म्हणजे निगामी अनुमान, दिलेली विधानं खरी असतील तर निष्कर्ष खरा निघायलाच हवा असा तर्क, तो भाग एक नंबर. सॉक्रेटिस मर्त्य आहे वगैरे घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण पटकन आटपलं आणि थेट मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनची १९६६ ची चार कार्डं समोर ठेवली. ई, के, ४, ७. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा, आणि नियम असा की अक्षर स्वर असेल तर मागे सम आकडाच हवा, तर नियम तपासायला कुठली कार्डं उलटायची? मी ठोकून दिलं, ई आणि ४. चूक! ई आणि ७. ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, ७ च्या मागे स्वर निघाला की खेळ खल्लास. बहुतेक लोक इथेच आपटतात म्हणे, तेवढंच बरं वाटलं.

इंडक्शन, म्हणजे बघितलेल्या उदाहरणांवरून सगळ्यांसाठीचा नियम काढणं, ठीकठाक. युरोपात हंस पांढराच असतो असं धरून चालले होते आणि १६९७ ला डच खलाशांना ऑस्ट्रेलियात काळे हंस दिसले, ही गोष्ट रंगवून सांगितली. पण मग इंडक्शन टाकाऊच का? विज्ञान बरंचसं त्यावरच चालतं ना! किती आणि किती वेगवेगळी उदाहरणं बघितली की निष्कर्ष पक्का होत जातो, यावर एक अक्षर नाही.

आणि अ‍ॅबडक्शनला फक्त दोन स्लाइड. पंखा बंद, शेजारच्या खोलीतला दिवा पण बंद, म्हणजे लाइट गेली असणार, हे अ‍ॅबडक्शन. फ्यूजही उडाला असेल, पण आहे त्या माहितीत सगळ्यात पटणारं कारण आपण धरतो. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने याला वेगळा प्रकार मानलं, डॉक्टरपासून मेकॅनिकपर्यंत सगळे दिवसभर हेच करतात, आणि याला दोन स्लाइड?

आता क्विझ. 'पाऊस पडला की रस्ता ओला होतो, रस्ता ओला आहे, म्हणून पाऊस पडला.' मी इनव्हॅलिड, म्हणजे असा निष्कर्ष निघत नाही, असं टिक केलं तर लाल फुली! अरे टँकर गळला असेल, कुणी पाइप सोडला असेल. सम आकडा दिसला म्हणून मागे स्वर असेलच असं नाही, ही तर ती ४ च्या कार्डावाली चूक, तुम्हीच शिकवलीत ना? मेल केला, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं छापील उत्तर आलं.

पाचपैकी अडीच स्टार, तेही कार्डांसाठी. व्हिडिओ बघा, क्विझ सोडवू नका.