एंजल इन्व्हेस्टिंग प्लॅटफॉर्म, ४ वर्षं वापरल्यावर: ५ पैकी अडीच स्टार

नाव लिहीत नाही, माझे पैसे अजून तिकडेच अडकलेत आणि उगाच नोटीस-बिटीस नको. सेबीकडे रजिस्टर असलेला एंजल फंड आहे, म्हणजे आमच्यासारख्या बऱ्याच जणांचे पैसे गोळा करून नवख्या स्टार्टअपमध्ये टाकतात आणि बदल्यात शेअर घेतात, ॲप पण बरंय. मी २०२१ च्या दिवाळीत घुसलो, तेव्हा सगळेच घुसत होते, हिंजवडीत आमच्या कँटीनला कालपरवापर्यंत एसआयपीवर बोलणारी माणसं अचानक व्हॅल्युएशनवर, म्हणजे कुठल्या कंपनीची किंमत किती धरायची यावर बोलायला लागलेली. तेव्हा राहतं घर सोडून २ कोटींची मालमत्ता दाखवावी लागायची, शिवाय १० वर्षं सीनियर मॅनेजमेंट किंवा तसा काहीतरी अनुभव, आणि ५ वर्षांत मिळून कमीत कमी २५ लाख टाकायचे. मुळशीतला प्लॉट धरून मी कसाबसा बसलो त्यात. ५ स्टार्टअप, प्रत्येकी ५ लाख.

आधी चांगलं सांगतो. कागदपत्रांचं काम खरंच झकास. मी एकटा ५ लाख घेऊन एखाद्या फाउंडरकडे गेलो असतो तर त्याने चहा पाजून वाटेला लावलं असतं, इथे पन्नासेक जणांचे मिळून अडीच कोटी होतात आणि कंपनीच्या कॅप टेबलवर (कुणाकडे किती शेअर त्याची यादी) फंडाचं एकच नाव लागतं. टॅक्ससाठी फॉर्म ६४सी, म्हणजे फंडातल्या आपल्या वाट्याच्या उत्पन्नाचा कागद, दरवर्षी न मागता येतो. शनिवारी ११ वाजता फाउंडरसोबत झूम कॉल असतो, तिथे वाट्टेल ते विचारा. एका पोराला विचारलं की दर महिन्याला किती पैसे जळतात आणि बँकेत किती महिन्यांचे आहेत, तर त्याने स्लाइड बंद करून सरळ एक्सेलच उघडून दाखवली. त्याच्यात टाकले, आणि ती एकच कंपनी आज धड चाललीय.

आता बाकीचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, फक्त १८ लाखांची जागा शिल्लक, उद्या संध्याकाळी ६ ला क्लोज. दर वेळी १८-२० लाखच कसे उरतात देव जाणे, आणि ६ नंतर फोन केला तरी घेतात, लक्ष्मी रोडवरचा स्टॉक क्लिअरन्स बरा. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये एंजल टॅक्स गेला तेव्हा आमचा रिलेशनशिप मॅनेजर म्हणे सर आता तुमचा टॅक्स वाचला, दोन डील एकदम करा. अरे बाबा, तो टॅक्स २०१२ पासून कंपनीला लागायचा, शेअर फेअर व्हॅल्यूच्या वर विकले की वरच्या रकमेवर. माझा काय वाचला त्यात?

फी नीट वाचा, मी वाचली नव्हती. आत जाताना २ टक्के अधिक जीएसटी, म्हणजे ५ लाखावर ११,८०० रुपये, ते ठीक आहे. खरी गंमत कॅरीची, नफ्यातले २० टक्के त्यांचे, पण हिशोब प्रत्येक डीलचा वेगळा. समजा एका कंपनीत ५ चे १५ लाख झाले आणि दुसऱ्या दोन बुडाल्या, तर तुमचे १५ टाकून १५ आले, कमाई शून्य, तरी पहिल्या डीलच्या १० लाख नफ्यातले २ लाख ते कापून घेणार. ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय, पान नंबर बघून ठेवलाय आता.

आणि मग तो एक्झिट, म्हणजे कंपनी विकली जाऊन आपले पैसे सुटायची वेळ. २०२४ च्या शेवटी ग्रुपवर फटाक्यांचे इमोजी, आपली अमुक कंपनी विकली गेली, अभिनंदन एंजल्स! मी घरी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते. दोन दिवसांनी मेल आला, आपल्या वाट्याला काही नाही. झालं असं की कंपनी विकली ९ कोटींना, आणि आमच्यानंतर आलेल्या मोठ्या फंडाने टाकलेले १२ कोटी, लिक्विडेशन प्रेफरन्ससकट, म्हणजे विक्रीचे पैसे आले की आधी त्यांचे १२ पूर्ण, मग उरलं तर आमचं. १२ आधी द्यायचे आणि आलेत ९, तर उरणार काय, कप्पाळ. त्या मोठ्या फंडाचा राउंड झाला, म्हणजे त्यांनी पैसे टाकले, तेव्हा या अटी आम्हाला कुणी सांगितल्याच नव्हत्या, उलट व्हॅल्युएशन तिप्पट झालं म्हणून ॲपवर माझे ५ लाख १५ दिसत होते आणि मी बायकोला स्क्रीनशॉट दाखवलेला. ती अजून विचारते त्या पंधराचं काय झालं. आणि प्लॅटफॉर्मच्या वेबसाइटवर ती कंपनी आजही सक्सेसफुल एक्झिट म्हणून झळकतेय, लोगोसकट!

उरलेल्यांपैकी एक बंद पडली, फाउंडर परत नोकरीला लागला, त्याच्यावर राग नाही, प्रामाणिकपणे कळवलं त्याने. पण कागदावर कंपनी अजून जिवंत आणि शेअर फंडाकडेच, त्यामुळे सीए म्हणतो कॅपिटल लॉस आत्ता दाखवता येत नाही. उरलेल्या दोघांचं काय चाललंय विचाराल तर मलाही ॲपवर एवढंच दिसतं, अपडेट अवेटेड. पैसे घेताना दिवसाला चार मेसेज करणारे लोक तिमाही रिपोर्टसाठी तीन-तीन रिमाइंडर लावायला लावतात. ते एक सुधारलं तर मी अजून एक स्टार देईन.

जॉईन व्हायचं की नाही विचारणाऱ्यांनी आधी हे बघा, सप्टेंबर २०२५ पासून सेबीने नियम बदललेत, एंजल फंडात आता अ‍ॅक्रेडिटेड इन्व्हेस्टरच चालणार. त्याला वर्षाचं उत्पन्न २ कोटी, नाहीतर नेटवर्थ साडेसात कोटी आणि त्यातले निम्मे शेअर, एफडी असल्या आर्थिक मालमत्तेत. (१ कोटी उत्पन्न अधिक ५ कोटी नेटवर्थ असाही एक मार्ग आहे.) मागच्या आठवड्यात त्याच रिलेशनशिप मॅनेजरचा फोन, सर अ‍ॅक्रेडिटेशन करून घेऊया, मस्त डील येतायत. म्हटलं माझ्याकडे मुळशीचा प्लॉट आहे आणि तुमच्याकडे अडकलेले आहेत, यातलं आर्थिक मालमत्तेत काय धरू? म्हणाला, टीमला विचारून सांगतो सर. अजून विचारतोय.