बिस्मथ टेल्युराइड घ्यावं का बिस्मथ सेलेनाइड?

पीएचडीला थर्मोइलेक्ट्रिक (तापमानाच्या फरकातून वीज) आणि टोपोलॉजिकल असं दोन्ही एकत्र करायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. स्ट्रक्चर दोघांचं सेमच, पाच अणुपातळ्यांचा एक थर, साधारण १ नॅनोमीटर जाड, असे थर एकावर एक, आणि थरांमधली पकड इतकी ढिली की चिकटपट्टी लावून ओढली की आरशासारखा चकचकीत पृष्ठभाग निघतो.

टेल्युराइड १९५४ पासून थर्मोइलेक्ट्रिक म्हणून माहितीये, बाजारात वीज देऊन थंड करणारं पेल्टियर मॉड्यूल मिळतं त्यात हेच असतं. मग २००९ मध्ये दोन्ही टोपोलॉजिकल इन्सुलेटर निघाले, आतून इन्सुलेटर, पृष्ठभागावर कंडक्टर. हा योगायोग नाहीये. अणू जड असले की स्पिन-ऑर्बिट कपलिंग (इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं त्याच्या फिरण्याशी असलेलं नातं) वाढतं, बँड (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे पट्टे) उलटे होतात आणि टोपोलॉजी येते, आणि त्याच जडपणामुळे कंपनं संथ होऊन उष्णता नीट वाहत नाही, थर्मोइलेक्ट्रिकला नेमकं तेच पाहिजे.

पण म्हणून टोपोलॉजिकल आहे म्हणजे झेडटी (थर्मोइलेक्ट्रिक किती चांगलं याचा आकडा) चांगला येणारच, असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. सेलेनाइडच बघा ना, टोपोलॉजीला तेच सरस, गॅप (दोन बँडमधली रिकामी जागा) ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे टेल्युराइडच्या जवळपास दुप्पट, डिरॅक पॉइंट (पृष्ठभागाचे बँड एकमेकांना छेदतात तो बिंदू) गॅपमध्ये स्वच्छ दिसतो, टेल्युराइडमध्ये तो व्हॅलन्स बँडमध्ये (इलेक्ट्रॉनने भरलेल्या बँडमध्ये) दबलेला असतो. आणि तरी रूम टेंपरेचरला टेल्युराइडच्या अलॉयचा झेडटी १ च्या आसपास, सेलेनाइड बरंच मागे. फरक पडतो बँडच्या आकाराने: टेल्युराइडच्या व्हॅलन्स बँडला सारख्या सहा व्हॅली (बँडच्या कडेला एकाच ऊर्जेच्या जागा) आहेत, त्यामुळे कॅरिअर (वीज वाहून नेणारे कण) भरपूर असूनही सीबेक (तापमानाच्या दर अंशामागे मिळणारं व्होल्टेज) टिकून राहतो.

खरी ओढाताण डोपिंगमध्ये, म्हणजे कॅरिअर किती ठेवायचे यात आहे. थर्मोइलेक्ट्रिकला घन सेंटीमीटरमागे १० चा १९ वा घात इतके कॅरिअर लागतात, टोपोलॉजीवाल्यांना बल्कमध्ये (आतल्या भागात) कॅरिअर नकोच असतात. सेलेनाइडमध्ये सेलेनियमच्या जागा रिकाम्या राहतात, तिथून इलेक्ट्रॉन सुटतात आणि इन्सुलेटर म्हणून वाढवलेला क्रिस्टल धातूसारखा वागायला लागतो, पृष्ठभागाचा सिग्नल त्यात बुडतो, फार डोकं खातं हे!

त्यामुळे आधी लॅब बघा. बॉल मिल, हॉट प्रेस, सीबेक मोजायचा सेटअप असेल तर सरळ टेल्युराइड घ्या, पावडर दाबलेला सँपलही चालतो, उलट ग्रेनच्या (बारीक स्फटिककणांच्या) सीमा उष्णता अडवतात. आर्पेस (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडवून बँड बघायची पद्धत) आणि हीलियमचा क्रायोस्टॅट (सँपल अतिथंड ठेवायचं उपकरण) हाताशी असेल, सिंगल क्रिस्टल हळूहळू थंड करत वाढवायचा पेशन्स असेल, तर सेलेनाइड. दोन्ही एकाच सँपलमध्ये पाहिजेच असेल तर थिन फिल्मकडे वळा, जाडी कमी झाली की पृष्ठभागाचा वाटा वाढतो, फक्त सेलेनाइडमध्ये ६ थरांच्या खाली जाऊ नका, वरचा आणि खालचा पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि पृष्ठभागालाच गॅप पडते.