स्लाइडचे रंग आणि फॉन्ट: पॉवरपॉइंटमध्ये बदलावेत की गुगल स्लाइड्समध्ये?

वेंगुर्ल्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. बचत गटाच्या ताई, शाळेतले गुरुजी, होम-स्टेवाले पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि म्हणतात, "मजकूर तयार आहे, रंग आणि फॉन्ट तेवढे बदलून द्या." मी त्यांना आधी एकच विचारतो: फाइल शेवटी कुठल्या मशीनवर उघडणार? कशात काम करायचं ते या उत्तरावर ठरतं, कारण मराठी स्लाइड रंगापेक्षा फॉन्टपायी जास्त बिघडते.

रंगाचं आधी सांगतो. पॉवरपॉइंटच्या थीममध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडना एकदम लागू होणाऱ्या रंग-फॉन्टच्या संचात, १२ रंग असतात: अक्षरं आणि पार्श्वभूमीसाठी ४, सजावटीसाठी ६, लिंकसाठी २. डिझाइन टॅबमध्ये व्हेरिअंट्सचा बाण उघडला की कलर्स दिसतं. तिथे संच बदलला की चाळीसही स्लाइड एका क्लिकवर बदलतात. गुगल स्लाइड्समध्ये स्लाइड मेन्यूतून एडिट थीम, मग कलर्स. तिथेही हेच होतं.

पण दोन्हीकडे अट एकच. रंग निवडायच्या चौकोनात वर थीमचे रंग असतात; रंग तिथून दिलेला असेल तरच तो बदलतो. खालच्या ठरावीक रंगांतला लाल हाताने लावला असेल तर थीम कितीही बदला, तो लालच राहतो. "अर्ध्याच स्लाइड बदलल्या" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. पॉवरपॉइंटमध्ये अशा स्लाइडवर होम टॅबमधलं रीसेट दाबलं की मूळ चौकटींतला मजकूर थीमवर परत येतो. वेगळ्याने टाकलेले टेक्स्ट बॉक्स मात्र हातानेच नीट करावे लागतात.

आता फॉन्ट, आणि खरा फरक इथेच आहे. पॉवरपॉइंटमध्ये शीर्षक आणि मजकूर अशी फॉन्टची जोडी ठरवता येते, गुगल स्लाइड्समध्ये तशी जोडी नाही. थीममध्ये जाऊन चौकटीवर फॉन्ट लावावा लागतो. ऐकायला पॉवरपॉइंट सरस वाटतं. पण जोडी बदलली की इंग्रजी अक्षरं बदलतात आणि मराठी तशीच राहतात, हे मी कितीदा पाहिलंय. थीममध्ये देवनागरीसाठी फॉन्ट वेगळा नोंदलेला असतो, बहुधा मंगल. म्हणून मराठी फाइलसाठी मी जोडीच्या नादी लागत नाही. व्ह्यू, स्लाइड मास्टर (सगळ्या स्लाइडचा मूळ साचा), सगळ्यात वरची मोठी स्लाइड, तिथल्या शीर्षकाच्या आणि मजकुराच्या चौकटीवर थेट मराठी फॉन्ट.

फॉन्टच्या निवडीत गुगल पुढे आहे. मुक्ता, बालू, हिंद तिथे इन्स्टॉल न करता मिळतात. टिरो देवनागरी मराठी मला फार आवडतो, कारण त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. मुलांपुढे लावायच्या स्लाइडमध्ये हिंदी वळणाचा ल बघवत नाही.

याच सोयीने मला एकदा तोंडघशी पाडलं. एका शिक्षकांसाठी गुगलमध्ये बालूची शीर्षकं घालून स्लाइड केल्या, पॉवरपॉइंट फाइल म्हणून उतरवल्या आणि पेनड्राइव्हवर दिल्या. त्यांच्या शाळेतल्या लॅपटॉपवर बालू नव्हता. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट आला, दोन ओळींचं शीर्षक तीन ओळींचं झालं आणि फोटोवर चढलं. गुरुजी सगळ्यांसमोर उभे होते, मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी फाइलबरोबर पीडीएफही देतो.

पॉवरपॉइंटमध्ये यावर उपाय आहे: फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, आणि फॉन्ट फाइलमध्येच बसवण्याचा पर्याय. फॉन्टच्या परवान्यात परवानगी हवी. मुक्ता, बालू खुले आहेत, त्यामुळे अडचण येत नाही. फाइल थोडी जड होते, होऊ द्या.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल असेल तर फॉन्ट बदलूच नका, अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतील. आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा रूपात, आणा, मग बाकीचं.

तर ठरवायचं कसं? गटातल्या चार-पाच जणी आपापल्या फोनवरून मजकूर घालणार असतील आणि सभागृहात नेट खात्रीचं असेल तर गुगल स्लाइड्स. पण मिरगानंतर आपल्याकडे रेंजचा भरवसा नाही. ब्राउझरमध्ये ऑफलाइनची सोय घरीच चालू करून ठेवली नसेल तर ऐनवेळी हात चोळत बसावं लागतं. दुसऱ्याच्या मशीनवर दाखवायचं असेल तर मी पॉवरपॉइंटच सांगतो, फॉन्ट आत बसवून.

रंग मात्र कशातही बदला, पडद्यावर एकदा पाहा. कोकमाच्या व्यवसायावरच्या एका सादरीकरणात ताईंनी कोकमी लाल पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरं घेतली होती. माझ्या स्क्रीनवर छान दिसत होती. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये खिडक्या उघड्या, पडदा म्हणून पांढरी चादर, आणि दोन्ही रंग मिळून चिखल. शिवाय लाल-हिरव्यातला फरक काही जणांना दिसतच नाही. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ हवा असं वेबच्या सुलभतेचे निकष सांगतात. आम्ही उलटं केलं: पार्श्वभूमी फिकट सायीच्या रंगाची, अक्षरं गडद कोकमी, शीर्षक मुक्तामध्ये ठळक. मागच्या बाकावरच्या आजींनी दर वाचून दाखवला.