फ्रेंच पोर्सलीन: सेट नको, एक डिश घ्या

ओव्हनमधून काढून थेट टेबलावर ठेवता येतील अशी पांढऱ्या फ्रेंच पोर्सलीनची (पक्क्या भाजलेल्या चिनी मातीची) भांडी मुंबईत मिळतात, पण किंमत पाहता अख्खा डिनर सेट घेण्यात अर्थ नाही. एक आयताकृती बेकिंग डिश आणि चार खोलगट बोल एवढ्यावर रोजचं घर उत्तम चालतं. रेव्होल (स्थापना १७६८) आणि पिलिव्हुईट (१८१८) या यातल्या जुन्या फ्रेंच कंपन्या.

पोर्सलीनसाठी केओलिन (पांढरी चिनी माती) आणि फेल्डस्पार, क्वार्ट्झ ही खनिजं यांचं मिश्रण सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यामुळे भांड्याचं अंग काचेसारखं घट्ट होतं, तेल-पाणी मुरत नाही. सुरमईच्या कालवणाचा वास धुतला की जातो, कोकम-चिंचेनंही काही बिघडत नाही. हळद धरलीच तर तळाच्या, ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप) नसलेल्या कडेवर. बोन चायनात हाडांची राख असते, यात ती नसते. शाकाहारी घरांसाठी हे महत्त्वाचं.

आता तडा का जातो ते. पोर्सलीन उष्णता हळू पसरवतं. एक भाग तापून फुगतो, शेजारचा थंडच राहतो, आणि त्या ताणानं भांडं फुटतं. म्हणून गॅसच्या आचेवर किंवा इंडक्शनवर कधीच ठेवू नये. आपल्याकडचा मोठा धोका म्हणजे ओला ग्रॅनाइटचा ओटा: गरम डिश त्यावर टेकवली की तळ एकदम गार होतो. कोरडं, जाड फडकं किंवा लाकडी पाट आधीच मांडून ठेवा. फ्रिजमधली डिश अर्धा तास बाहेर ठेवून मग ओव्हनमध्ये घाला. भाजताना कोरडी पडलेली भाजी सैल करायला पाणी घालायचं तर उकळतं घाला.

छोट्या ओटीजीत (टेबलावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये) तापणाऱ्या दांड्या जवळ असतात, म्हणून डिश मधल्या जाळीवरच ठेवावी. खरेदीआधी ओटीजीची आतली रुंदी मोजा, डिशचं माप कानांसकट (बाजूच्या मुठींसकट) धरा आणि चारही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर मोकळे सोडा. कान विसरल्यामुळे दार लागत नाही, ही नेहमीची फजिती. सोनेरी काठाचं भांडं मायक्रोवेव्हला चालत नाही. साधं पांढरंच बरं.

दुकानात डिश सपाट काचेवर ठेवून डुगडुगते का पाहा, मग बोटानं टिचकी मारा. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला तर आत चीर असू शकते. वापरात स्टीलच्या चमच्यांचे करडे ओरखडे दिसतात, पण तो बहुधा ग्लेझवर घासला गेलेला धातू असतो. ओल्या खाण्याच्या सोड्यानं हलकं चोळलं की निघतो.