हंसराज: तेरा महिने आणि दीडशे रुपये

मागच्या जुलैत एका नर्सरीतून हंसराज, म्हणजे नेच्याचं एक रोप, आणला, दीडशे रुपयांना. 'बारहों महीने हरा रहेगा,' असं नर्सरीवाल्याने छातीठोक सांगितलं. दीडशे म्हणजे आमच्या इंदुरात चौघांचे पोहे-जिलेबी, त्यामुळे वाक्य नीट लक्षात ठेवलं.

रूप मात्र देखणं. घोड्याच्या शेपटीच्या केसासारखी काळी चकचकीत काडी, दोन्हीकडे पंख्यासारखी पानं. वर पाणी टाकलं तर थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो, पान कोरडंच. शास्त्रीय नाव आडिअँटम, ग्रीकमध्ये अर्थच 'न भिजणारं'. आणि मी दोन महिने त्या पानांवरच फवारे मारत बसले! नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं हो आमच्याकडे. हे मला अजून झोंबतं.

डिसेंबरात पानं तपकिरी, जानेवारीत नुसत्या काड्या. कुंडी घेऊन नर्सरीत गेले. आधी म्हणे, 'पानी ज़्यादा दिया,' मग म्हणे, 'कम दिया.' पैसे परत नाहीत. मी तिथेच ऐकवलं, वाळका हंसराज तर सियागंजात जडीबुटीवाल्याकडे पुडीत मिळतो, मग जिवंत म्हणून का विकलात? घरी सासूबाई काड्या बघून म्हणाल्या, "अगं, ही तर हंसपदी. खोकल्याच्या काढ्यात घालायचो." नर्सरीने कसली औषधं मारली असतील कोण जाणे, म्हणून उकळू दिली नाही.

कुंडीचे पैसे वेगळे पडले होते, म्हणून फेकली नाही. मोरीजवळ जिन्याखाली ढकलली. धुण्याचं भांडं विसळलेलं पाणी कधीमधी उडायचं, तेवढंच.

जूनअखेरीस दोन पाऊस झाले आणि मातीतून करंगळीच्या नखाएवढी वेटोळी वर आली. पंधरा दिवसांत कुंडी हिरवी. मेला नव्हता, झोपला होता! आपल्याकडचा हा जंगली हंसराज कोरड्या दिवसांत पानं टाकतो, जीव मातीखालच्या गड्ड्यात धरून ठेवतो. पातालपाणी धबधब्याच्या वाटेवर दगडांच्या फटीत पावसाळ्यात दिसतो, मे महिन्यात त्याच फटी रित्या. इतकी वर्षं बघत होते, कुंडीत मात्र ओळखलं नाही.

आता पालापाचोळ्याचं खत, जाडी रेती, विटांचा चुरा आणि सावली. पानाच्या कडेखालची तपकिरी रेघ कीड नव्हे, बीजाणू असतात; मी दोन पानं उगाच कापली. लांब काडीचं टोक मातीला टेकलं की तिथेच नवं रोप धरतं. माझी तीन झालीत, म्हणजे पन्नास रुपयांना एक.

परवा त्या नर्सरीत सांगायला गेले. तो म्हणाला, 'मैंने तो बोला था, सो जाता है.'

नव्हता बोलला.